आठवडा बटईने देणे आहे

बदनापूर
१८ डिसेंबर २०२४

चि. कारभारीस आशीर्वाद.

माझा मोबाइल मी बंद करून गव्हाच्या कोठीत पुरला आहे, तेव्हा फोन करू नकोस. निजामाच्या काळी पाटलाचा माणूस दारात येऊन हाक मारी आणि शेतकरी हातातला नांगर सोडून वेठीला जाई. आज दारात कुणी येत नाही, हाक खिशातच वाजते, एवढाच फरक. मी वेठ नाकारली आहे. काही कळवायचं तर पत्र लिही.

आता कामाचं. कोकणात समुद्राकाठी एका कंपनीचं रिसॉर्ट आहे. त्यातली एक खोली दरवर्षी फेब्रुवारीतला एक आठवडा माझ्या हक्काची आहे, आणि हे पुढली पंचवीस वर्षं चालायचं आहे. नीट समजून घे. खोली माझी नाही, भिंत माझी नाही, खालची जमीन तर नाहीच नाही. फक्त आठवडा माझा. आपण जमीनदारी मोडली, तर या लोकांनी काळाचेच गुंठे पाडून विकायला काढले. हा हक्क माझ्याकडे कसा आला ते विचारू नकोस. इतिहासात काही गोष्टी माणूस करत नाही, परिस्थिती करते.

मला तो आठवडा भाड्याने द्यायचा आहे, कारण मी जाऊ शकत नाही. नेमक्या त्याच दिवसांत शहागडची व्याख्यानमाला आहे. पहिलं आणि शेवटचं पुष्प माझं, विषय ‘हा घाम कुणासाठी?’ आणि तारखा वेगळ्या असत्या तरी मी गेलो असतो का? ज्याने उभं आयुष्य मंचावरून सांगितलं की सहल ही आळशी वर्गाची अफू आहे, तो माणूस पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून वाळूत बसलाय असं लोकांच्या कानावर गेलं तर माझ्याजवळ काय उरतं? माझी इस्टेट म्हणजे माझा शब्द. जमीन आहे ती तुझ्या मानलेल्या आक्काच्या, नंदाच्या वडिलांची, आणि ती तू कसतोस.

तू हायवेवर राहतोस, चार लोक तुझ्या ओळखीचे आहेत. एखादं गिऱ्हाईक बघ. ते अंबड तालुक्याबाहेरचं असावं आणि भाषणं ऐकणारं नसावं. माझं नाव घेऊ नकोस. आठवडा वापरला नाही तर बुडतो असा कंपनीचा नियम आहे, आणि बुडीत गेलेली कोणतीही गोष्ट मला बघवत नाही.

नंदा बरी आहे. या विषयावर ती काही बोललेली नाही.

तुझा दाजी,
सोमेश्वर


शहागड
२ जानेवारी २०२५

दाजी, रामराम. आक्काला नमस्कार सांगा.

तुमचं पत्र आलं तवा मी गव्हाला पाणी देऊन राह्यल्तो. बांधावर बसून दोनदा वाचलं. पहिल्यांदा समजलं न्हाई. दुसऱ्यांदा समजलं, पण खरं वाटलं न्हाई.

तरी गिऱ्हाईक पाह्यलं. तुमचं नाव बिलकुल घेतलं न्हाई, एक मोठा माणूस हाय एवढंच म्हणलं. चहाच्या टपरीवर बद्रीनाथनं इचारलं, बागायती हाय का कोरडवाहू. म्हणलं समोर पाणीच पाणी. तो म्हणला, मंग खारं असंल, काय उपेग. एक ट्रकवाला म्हणला, ट्रक लावायला जागा असंल तर बोला.

मंग बियाण्याच्या कामानं जालन्याला रामनिवासशेठकडं गेल्तो. शेठ म्हंजे डोकेबाज माणूस. सगळं बराबर ऐकून घेतलं आन म्हणले, खोलीला शटर हाय का. म्हणलं समुद्राच्या बाजूनं नुसती काच हाय. म्हणले, मंग सोयाबीन ठेवता यायचं न्हाई. तरी मी लावून धरलं, तर म्हणले, “कारभारी, दुकान भाड्यानं घेतात, ट्रॅक्टर भाड्यानं घेतात. रिकामं बसायला भाडं कोण देतं? ते आपल्या ओट्यावर फुकट मिळतं.” मला वाटलं, शेठनं तुमचं भाषण ऐकलं काय.

घरी आलो तर आमची मंडळी म्हणली, दुसरं कोण कशाला, आपणच घेऊ. पण दाजी, भाडं म्हंजे मक्ता. पिको न पिको, ठरलेलं मोजायचं. आपल्यात मक्ता कधी झाला न्हाई. अण्णा असल्यापासून, म्हंजे तुमच्या सासऱ्यापासून, आपली बटई हाय. खर्चा निम्मा, माल निम्मा. आठवडाबी बटईनंच द्या. तिथं जे पिकंल त्यात निम्मं तुमचं.

फक्त तिथं काय पिकतं ते कळवा. म्हंजे पोती किती न्यायची ते बघतो.

तुमचा,
कारभारी


बदनापूर
९ जानेवारी २०२५

चि. कारभारीस आशीर्वाद.

पोती नेऊ नकोस.

तुझ्या पत्राने मी फार अस्वस्थ झालो. बटई म्हणजे काय? जमीन एकाची, घाम दुसऱ्याचा आणि पावसाचं दान दोघांचं. ती उत्पादनाची व्यवस्था आहे. विश्रांतीत उत्पादन नाही. उत्पादन नाही म्हणून वाटा नाही, आणि वाटा नाही तिथे बटई कशाची? हे मी कुठल्याही व्यासपीठावर सिद्ध करून देतो. शेठ मात्र योग्य बोलला. त्याला एकदा माझ्या भाषणाला घेऊन ये.

पण दिवस थोडे उरले आहेत. तेव्हा तत्त्वतः विरोध नोंदवून, व्यवहारापुरती मी बटई मान्य करतो. पुढे वाद नको म्हणून आत्ताच लिहून देतो की माझा निम्मा वाटा मी सोडला. जे काही पिकेल ते सगळं तुझं. अट एकच. तिथे कुणी विचारलं तर मालकाचं नाव सांगायचं नाही.

परवापासून मी परतूरला भाषणासाठी जातोय. माझ्यामागे पत्र आलं तर ते नंदाच्या हाती पडेल, तेव्हा जपून लिही.

तुझा दाजी,
सोमेश्वर


शहागड
१६ जानेवारी २०२५

दाजी, रामराम.

पत्र आक्काच्या हाती पडू नये म्हणून मी लिहिलंच न्हाई. स्वताच येऊन गेलो. तुम्ही परतूरला गेल्ते तवा मी बदनापूरच्या संशोधन केंद्रावर हरभऱ्याचं बियाणं बघायला आल्तो. आक्काकडं चहा घेतला आन तुमचं पत्र तिला वाचून दावलं.

माफ करा, पण वाटा सोडणारे तुम्ही कोण? सातबारा आक्काच्या नावावर. खळ्यावर मालक म्हणून आजवर तीच येती. तुम्ही येता ते भाषण करायला. मालकानं वाटा सोडला तर बटईदाराला पीक लाभत न्हाई, असं अण्णा म्हणायचे. आन वाटा घरपोच द्यायचीबी रीत न्हाई. मालकानं खळ्यावर यावं, रास डोळ्यानं पाहावी आन मंग उचलावी. मी आक्काला म्हणलं, जमिनीचं तुझं हाय, ह्या आठवड्याचं दाजीचं असंल, पण रीत तर तीच.

आक्का भाकरी करून राह्यल्ती. तव्यावरची भाकर उतरवली, दुसरी टाकली. मंग म्हणली, “आठवडाबी त्यांचा एकट्याचा न्हाई. कंपनीनं जोडीनं बोलावल्तं. सही माझीबी हाय.”

हे तुम्ही लिहिलं नव्हतं दाजी.

मंग तिनं इचारलं, “समुद्राला पल्याडचा काठ दिसत न्हाई म्हणतात, ते खरं का रे?” म्हणलं मी तरी कुठं पाह्यलाय. ती म्हणली, “मंग खळ्यावर मला यायलाच लागंल.”

तर आक्का आमच्यासंगं येऊन राह्यली. दोन तारखेला गाडी केली हाय. आमच्या पोरीची, शालूची, बारावीची प्रॅक्टिकल हायेत, ती घरीच राहील, तिच्या सोबतीला माय हाय.

आजून एक. कोठीतून गहू काढताना आक्काला मोबाइल घावला. तिनं चालू करून पाह्यला तर एकाच नंबरवरून लय फोन येऊन गेल्ते. कुणाचे म्हणून मी इचारलं, तर हसली आन मोबाइल परत गव्हात पुरला.

तुमचा,
कारभारी


बदनापूर
२० जानेवारी २०२५

कारभारी,

तू माझ्या घरात उठाव घडवलास, आणि तोही मी दौऱ्यावर असताना. जगातले पुष्कळसे उठाव असेच झाले आहेत, हे मला माहीत असायला हवं होतं.

मी नंदाशी बोललो. मी बराच वेळ बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तिकडे थंडी असते का.

तुला एक गोष्ट सांगतो, ती कुठे बोलू नकोस. नंदा माझ्या व्याख्यानाला येते म्हणजे नुसती येत नाही. पहिल्या रांगेत, डावीकडून दुसरी खुर्ची तिची. मी लांबलो की ती पदर सावरते. आणखी लांबलो की खालची पिशवी उचलून मांडीवर घेते. पिशवी मांडीवर आली की मी समारोपाकडे वळतो. लोक म्हणतात, सोमेश्वररावांना कुठे थांबावं ते बरोबर कळतं. मला काही कळत नाही. तिला कळतं.

पहिल्या दिवसाचं भाषण मी कसंबसं निभावीन. पण आठ तारखेला समारोप आहे. त्या खुर्चीत ती मला हवी. जी काही रास असेल ती लवकर मोजा आणि तिला आणून सोड.

व्याख्यानमालेच्या दिवसांत मी तुझ्याच घरी मुक्कामाला आहे. तिकडची खबर पत्रातच लिही आणि पत्राचा फोटो शालूच्या फोनवर पाठव. फोन शालू धरील, मी फक्त वाचीन. यात तत्त्वाला कुठेही बाध येत नाही. लोकांना मी सांगतोय की नंदा माहेरच्या माणसांबरोबर आहे. हे असत्य नाही.

सोमेश्वर


मु. रिसॉर्ट
५ फेब्रुवारी २०२५

दाजी, रामराम. शालूला म्हणा, आजीच्या गोळ्या इसरू नको.

आम्ही सुखरूप हाव. वाटणी पहिल्याच दिवशी करून टाकली. खोलीत दोन पलंग, एक मालकाचा, एक बटईदाराचा. आमची मंडळी खालीच झोपती, म्हणती गादी लय मऊ हाय, माणूस त्यात हरपतो. गॅलरी निम्मी निम्मी, मधी आक्कानं ओला टावेल वाळत घातलाय. सकाळचा नाष्टा पाहिजे तेवढा घ्या असा हाय. मी एकाच ताटात रास करून आणतो आन टेबलावर दोन वाटे घालतो. वाढपी लांबून बघत राहतात. आक्का म्हणती, बघू दे, खळं कधी पाह्यलं नसंल.

आन दाजी, तुम्ही लिहिलं व्हतं इथं काही पिकत न्हाई. बारके साबण पिकतात. आज उचलले तर उद्या परत. संगं चहाच्या पुड्या, साखरेच्या पुड्या, डोक्याला लावायचं बारकं तेल. मालकाचा वाटा येगळ्या पिशवीत बांधून राह्यलो. पोती आणायला पाहिजे व्हती.

आता जे लिहितो त्याचा राग धरू नका.

इथं दाराच्या आत गेलं की समोर मोठी भिंत हाय. तिच्यावर हातभर अक्षरात लिहिलंय, ‘हा घाम कुणासाठी?’ आन खाली बारीक अक्षरात, ‘थांबा. सात दिवस स्वतःसाठी.’ मी पाहून जागीच थांबलो. तेवढ्यात एक कोट घातलेलं पोरगं पळत आलं आन त्यानं आक्काच्या पायाला हात लावला. अर्पित नाव. जालन्याचं, मारवाड्याचं लेकरू. “सर न्हाई आले?” म्हणलं. मी तुमच्या अटीपरमाणं म्हणलं, कोण सर. आक्का म्हणली, “न्हाई बाळा, त्यांचं भाषण हाय.”

मंग त्यानं सगळं सांगितलं. संभाजीनगरच्या हाटेलात कंपनीनं जोडप्यांना फुकट जेवायला बोलावल्तं. तुम्ही कंपनीचा बुरखा फाडायला म्हणून गेल्ते. उभं राहून बोलाया लागले ते सूप थंड झालं, भाज्या थंड झाल्या, आईस्क्रीम पातळ झालं. बाकीची जोडपी उठून गेली, म्यानेजरबी गेला. हे एकटं पोरगं बसून राह्यलं. शेवटी म्हणलं, सर, एक शंका इचारू का. तुमचे डोळे भरून आले म्हणं. एवढ्या वर्षांत टाळ्या लय मिळाल्या, शंका कुणी इचारली न्हाई, असं तुम्ही म्हणले.

त्याची शंका अशी व्हती की, जो माणूस जन्मभर दुसऱ्यासाठी घाम गाळतो, त्यानं कधी थांबायचंच न्हाई का? तुम्ही उत्तर द्यायला लागले. उत्तर देता देता सही झाली.

तुमचं ते घामाचं वाक्य त्यानंच भिंतीवर घालायला लावलं. नव्या पोरांना शिकवायलाबी वापरतात. आन ते सगळे फोन त्याचेच. तुमचं उत्तर निम्मं राह्यलं व्हतं ते त्याला पुरं ऐकायचं हाय. आन दुसरी एक स्कीम सांगायची हाय.

आक्कानं सगळं ऐकून घेतलं, म्हणली, “चला, खळ्यावर उशीर होऊन राह्यला,” आन चपला हातात घेऊन समुद्राकडं निघाली.

तुमचा,
कारभारी


६ फेब्रुवारी २०२५

अहो,

पत्रावर मायना काय घालायचा ते मला माहीत नाही. तुम्हाला पत्र लिहायची वेळच कधी आली नाही.

कारभारीने तुम्हाला सगळं कळवलं, असं तो म्हणाला. त्याने पत्र लिहिलं तेव्हा चेहरा पाडून बसला होता. त्याला रागावू नका. भिंतीवरचं वाक्य मी पाहिलं. अक्षर चांगलं काढलंय.

एक गोष्ट त्या पोरालाही माहीत नाही. त्या दिवशी तुम्ही त्याला उत्तर देत होता तेव्हा त्याच्या मागे भिंतीवर समुद्राचा फोटो होता. मी तोच बघत होते. तुम्ही हात पुढे करून बोलता ना, तसा हात पुढे आला तेव्हा त्यात पेन मी ठेवला. तुम्ही बोलण्यात होता. आधी सही माझी झाली होती, खाली तुमची झाली. म्हणून तुम्ही कंपनीला लुटारू म्हणता तेव्हा मी गप्प बसते.

पलीकडचा काठ खरंच दिसत नाही.

मी सकाळी जाऊन वाळूत बसते. समुद्र तुमच्यासारखाच आहे, सारखा बोलतो, तेच तेच बोलतो आणि तरी ऐकावंसं वाटतं. फरक एवढाच की मध्येच उठून गेलं तरी त्याला राग येत नाही. आणि पिशवी मांडीवर घ्यावी लागत नाही. किती वर्षांनी माझे दोन्ही हात मोकळे आहेत.

आठ तारखेला मी येणार नाही. रास अजून मोजायची आहे. माझ्या वाट्याचा आठवडा मी पुरा घेणार.

तुम्हाला थांबता येत नाही असं मला वाटत नाही. स्वतःहून थांबायची वेळ तुमच्यावर कधी आली नाही. आणि त्या पोराची शंका चांगली होती. तिचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.

घशाला गरम पाणी घेत जा. मफलर शालूकडे ठेवला आहे.

नंदा


शहागड
८ फेब्रुवारी २०२५

प्रिय नंदा,

मायना मलाही नवा आहे. शालू शेजारी उभी आहे आणि हसते आहे. तिला म्हटलं, फोटो काढ आणि तोंड फिरव.

तुझं पत्र परवा वाचलं. पेनाचा मजकूर दोनदा वाचला. मी इतिहास शिकवला, राज्यं कशी उलथली ते शिकवलं, आणि माझ्या हातात पेन कोणी ठेवला ते मला कळलं नाही. दोन दिवस मी तुझ्यावर मनातल्या मनात एक फार चांगलं भाषण केलं. ते आता देणार नाही.

आजचं सांगतो. मंडप भरला होता. तुझ्या खुर्चीत व्याख्यानमालेच्या अध्यक्षांना, काकासाहेबांना बसवलं होतं. त्यांना पदर नाही, पिशवी नाही, आणि ते डोळे मिटून ऐकतात, म्हणजे कुठलीच खूण मिळायची सोय नाही. मी उभा राहिलो. नेहमीप्रमाणे चढत गेलो. मग ते वाक्य आलं, ‘हा घाम कुणासाठी?’ तिथे मी थांबतो, श्रोत्यांवरून नजर फिरवतो आणि मग तासभर उत्तर देतो, तुला ठाऊकच आहे. आज नजर फिरवली ती तुझ्या खुर्चीवर आली. तिथे काकासाहेब घोरत होते. आणि मला ते पोरगं आठवलं.

तू माझ्यासाठी भाकरी केल्यास, सतरंज्या झटकल्यास, माझ्या वेळा सांभाळल्यास आणि मी मंचावरून जगाला विचारत राहिलो, हा घाम कुणासाठी. नंदा, मी तिथे उभा होतो आणि मला उत्तर येत नव्हतं.

मी तसंच सांगितलं. म्हणालो, “याचं उत्तर मला येत नाही. घरी जा आणि एकमेकांना विचारा.” आणि खाली बसलो.

मागे आचाऱ्याचा चहा अजून उकळलाही नव्हता. मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेचनात. काकासाहेब दचकून जागे झाले आणि शेजाऱ्याला विचारू लागले, वीज गेली का.

टाळ्या ओसरल्यावर मागच्या रांगेतून एक बाई उठून पुढे आल्या. कापसाच्या रानातून थेट आल्या असाव्यात, लुगड्याला पुंजके चिकटले होते. म्हणाल्या, “गुरुजी, एक इचारू का?” जन्मातली ही दुसरी शंका. म्हटलं, विचारा की बाई.

“तुमच्या बाई दर साली हितं म्होरं बसतात. औंदा कुठं हायेत?”

माइक चालू होता. माहेरच्या माणसांबरोबर आहे, हे वाक्य माझ्या ओठावर तयार होतं आणि ते असत्यही नव्हतं. पण मी म्हणालो, “समुद्रावर गेली आहे. सुट्टीला. आमच्या दोघांच्या हक्काचा आठवडा आहे तिथे.”

मला वाटलं, आता माझी इस्टेट गेली. त्या बाई मागे वळून आपल्या नवऱ्याला म्हणाल्या, “ऐकलं का?”

आणि मंडप जो हसला, तसा माझ्या कुठल्याच विनोदाला आजवर हसलेला नाही.

तू उद्या निघशील. निवांत ये. माझ्या वाट्याचे साबण आणलेस तर चालेल. अर्पितला सांग की सोमवारी मी कोठीतून मोबाइल काढतोय. उत्तर मिळणार नाही, पण शंका बरोबर होती एवढं मला त्याला सांगायचं आहे. स्कीम मी ऐकणार नाही. सांगायला लागलाच, तर तू जवळ बस आणि पिशवी मांडीवर घे.

तुझा,
सोमेश्वर

ता. क. हे पुढचं कारभारीला वाचून दाखव.

कारभारी, एक गिऱ्हाईक बघायचं आहे. शहागडच्या व्याख्यानमालेतली दोन पुष्पं, पहिलं आणि शेवटचं, दरवर्षी माझ्या हक्काची आहेत. पुढल्या फेब्रुवारीत मला ती वापरता येणार नाहीत. बटईने द्यायची आहेत. भाषण त्याचं, विषय माझा, टाळ्या निम्म्या. माझा वाटा घ्यायला मी खळ्यावर येऊ शकणार नाही, तेव्हा तो मी आत्ताच सोडतो. मालकाने सोडलेला वाटा लाभत नाही असं अण्णा म्हणायचे, ही गोष्ट मात्र त्याला आधीच सांगून ठेव.